सोन्याच्या गावातलं चालू दुकान

बंगळूरमध्ये राहणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारी बंगळूरबाहेर पडायची जी घाई असते, ती मला चौसष्टाव्या वर्षापर्यंत कधी झाली नाही. मी इथेच जन्मले. वडील साताऱ्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले, पुढे मीही तशाच एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात तेहतीस वर्षं रेघा ओढल्या आणि के. आर. पुरमच्या घरात निवृत्त झाले. कोलारच्या सोन्याच्या खाणी आमच्या स्टेशनपासून रेल्वेने दोन तासांवर. पण खाणी वीसेक वर्षांपूर्वी बंद झाल्या, आणि चालू होत्या तेव्हाही मला तिथून कुणी सोनं देणार नव्हतं, म्हणून गेले नाही. गेले ती माझ्या भाचीमुळे.

केतकी माझ्या पुण्याच्या भावाची मुलगी. वय एकतीस, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिथेच भाड्याचा फ्लॅट. ती कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते अशी माझी समजूत होती. ती तिने एकदा दुरुस्त केली. "मी कोड लिहीत नाही गं आत्या. मी लोकांना अलाइन करते." नऊ वर्षं लोकांना सरळ रेषेत आणून ती दमली होती आणि त्यावर तिला एक उपाय सापडला होता. जुन्या गावातली जुनी वास्तू घ्यायची आणि तिथे हेरिटेज कॅफे काढायचा.

माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिने मला बावीस स्लाइड दाखवल्या. खाणगाव, ब्रिटिश काळातले बंगले, जुनी दुकानं, त्यांचे रंग उडालेले दरवाजे. अठराव्या स्लाइडवर माझा फोटो होता, गेल्या गणपतीतला, हातात मोदकाचं ताट. खाली लिहिलं होतं, 'लोकल कनेक्ट'.

"हे काय?"

"तुला तमिळ येतं ना. तिथे सगळे तमिळ बोलतात."

"मला भाजीपुरतं येतं."

"इनफ आहे. एक शॉप मिळतंय, जुनं वुडवर्क, ओरिजिनल काउंटर. मालक चेन्नईत असतो, एजंट म्हणाला या वीकेंडला बघून घ्या. आधीचा माणूस सोडतोय."

माझ्या यजमानांनी गुडघ्याचं कारण सांगून स्वतःला सोडवून घेतलं. मला कारण सुचलं नाही.

शनिवार

स्टेशनवर आमची गाडी यायच्या आधी समोरच्या फलाटावर खाणगावाकडून आलेली गाडी रिकामी झाली. वॉचमनच्या गणवेशातले पुरुष, मॉलमध्ये काम करणाऱ्या मुली, जेवणाचे डबे घेतलेल्या बायका, हत्यारांच्या पिशव्या घेतलेले सुतार. गाव सोन्याचं, पण पोटापाण्याला रोज पहाटे ते असं बंगळूरला येतं. आमच्या गाडीत मात्र पाय पसरून बसायला जागा होती. त्या दिशेने रोजगार काढायला निघालेल्या आम्ही दोघीच होतो.

शेवटच्या टप्प्यात स्टेशनांची नावं बदलतात. एका स्टेशनचं नाव चॅम्पियन. केतकीने त्या पाटीखाली दोन्ही हात वर करून फोटो काढून घ्यायचं ठरवलं आणि तेवढ्यात गाडी सुटली. ती धावत चढली, पण तिची एक चप्पल चॅम्पियनलाच राहिली. मारिकुप्पमच्या शेवटच्या स्टेशनबाहेर आम्ही पहिली खरेदी केली ती रबरी चपलांची. तिच्या स्लाइडमधल्या कुठल्याच चित्रात त्या बसत नव्हत्या, पण पुढचे दोन दिवस त्याच कामाला आल्या.

गावाभोवती डोंगर दिसतात. राखाडी-पिवळे, वरून सपाट, झाडं नाहीत. केतकी म्हणाली, "वाव, काय टेरेन आहे." रिक्षावाला कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, ते डोंगर नव्हेत. खाणीतून काढलेला दगड दळून, सायनाइडने धुऊन, सोनं काढून घेतल्यावर उरलेला गाळ." वारा सुटला की तो गाळ घराघरात येतो. रिक्षावाल्याने विचारलं, खाणीवरच्या त्या सिनेमाचा सेट बघायचा का. सेट मोडून बरेच दिवस झालेत, तरी माणसं ती जागा बघायला येतात, म्हणे. मी विचारलं, "आणि खरी खाण?" तो म्हणाला, "ती बंद आहे. ती कुणी मागत नाही."

उतरायची सोय एका जुन्या बंगल्यात होती. खाणीच्या साहेबांसाठी बांधलेला, उतरतं छप्पर, लाकडी जाळीचा व्हरांडा, प्रत्येक खोलीत शेकोटीसाठी भिंतीत कोनाडा. मायदेशाची थंडी साहेबांना इथे मिळाली नसावी, पण सोय त्यांनी करून ठेवली होती. आता त्या कोनाड्यांत वायफायची पेटी आणि झाडू होता.

बंगल्याची व्यवस्था मणी नावाचे गृहस्थ बघतात. सत्तरीचे, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते खाणीत पाळणा वरखाली करणारं इंजिन चालवत. पाळणा म्हणजे माणसांना भुयारात सोडणारा लोखंडी पिंजरा. खाण तीन किलोमीटरहून खोल होती. केतकीने फोन त्यांच्यासमोर धरला आणि इंग्रजीत विचारलं की खाली जाण्याचा अनुभव कसा होता.

मणींनी विचार केला. "हॉट," ते म्हणाले.

तिने वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. मग मणींनी माझ्याकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, तुम्हाला भूत पाहिजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आलेली माणसं विचारतात, बंगल्यात भूत आहे का. पूर्वी मी नाही म्हणायचो. त्यांनी कॉम्प्युटरवर वाईट लिहिलं. मालक रागावले. आता मागच्या खोलीत एक गोरी बाई ठेवली आहे. तुम्हाला नको असेल तर मी सांगत नाही."

मी म्हटलं, "बरं, राहू द्या." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

जेवायला मणींच्या बायकोने नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांचं कालवण केलं होतं. साहेबांच्या स्वयंपाकघरातून निघून तो पदार्थ इथल्या घराघरात मुरला आहे. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुढे त्याच मसाल्यातली डाळ आली. आमच्या आमटीत जसा गोडा मसाला आणि गूळ असतो तसं तिच्यात काहीच गोड नव्हतं. जीभ पोळली आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

दुकान

बाजारातल्या रस्त्यावर एकाला एक लागून जुनी दुकानं आहेत. घड्याळांचं, शिंप्याचं, कर्णे आणि बँडच्या वाद्यांचं. त्यातली निम्मी अजून उघडतात, पण उघडून काय विकतात ते कळत नाही. आमचं दुकान टोकाला होतं. वर इंग्रजी अक्षरांतली जुनी पाटी. 'कॅबिनेट मेकर्स अँड' एवढं वाचता येत होतं. पुढचा रंग पावसाने नेला होता.

केतकी रस्त्यातच थांबली. "आत्या, नाव मिळालं. नुसतं 'अँड'. कॅफे अँड. लोक विचारतील, अँड व्हॉट? तीच कॉन्व्हर्सेशन."

आत सागवानी काउंटर होता, अखंड फळीचा, खरोखर सुंदर. मागे रंध्याचं भुसकट, डिंकाचा वास आणि भिंतीलगत चादरी घातलेल्या लांब बुटक्या पेट्या. केतकीच्या मते ती बसायची सोय होती, खाली स्टोरेज असलेली. तिने टेप काढून एक पेटी मोजायला घेतली.

आतून एक वयस्क माणूस आला. बारीक, पांढरी लुंगी, कानावर पेन्सिल. त्याने केतकीकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्याने मला खुर्ची दिली आणि हळू आवाजात तमिळमध्ये विचारलं, "वयसु?"

वय विचारतोय एवढं कळलं. कन्नडमध्येही तोच शब्द. मी म्हटलं, "अरवत्तु नालु." चौसष्ट.

त्याने मान हलवली. मग हात डोक्यापर्यंत नेऊन काहीतरी विचारलं. उंची. मी सांगितलं, पाच फूट एक.

"आत्या, ते कस्टमाइज करतात," केतकी खूश होऊन म्हणाली. मलाही पटलं. नवीन खुर्ची करून घ्यायची तर माप लागणारच.

त्याने कागदावर आकडे लिहिले. "एप्पो वेणुम?" हे वाक्य मला आमच्या दारावरच्या भाजीवाल्यामुळे पाठ होतं, कधी पाहिजे. आम्ही रविवारी संध्याकाळी परत जाणार होतो, तसं सांगितलं. तो क्षणभर विचारात पडला, एवढ्यात जमेल का याचा हिशेब करत असावा. मग समोरच्या टपरीकडे बोट केलं आणि चहा आला, बशीत दोन बिस्किटं. आम्ही पैसे काढू लागलो तर त्याने हात जोडले.

मग त्याने केतकीकडे पाहून मला अत्यंत हळू विचारलं, "अम्माला कुठे ठेवलंय? दवाखान्यात?" या वेळी त्यात कन्नड शब्द होते, म्हणून सगळं समजलं.

मी त्या लांब पेट्यांकडे पाहिलं. एका चादरीचं टोक सरकलं होतं आणि पितळी क्रूस दिसत होता.

मी कन्नडमध्ये म्हटलं, "अण्णा, कुणी गेलेलं नाही. तुम्ही लिहून घेतलंत ते माझं माप आहे."

त्याने कागद पाहिला. मला पाहिलं. मग शांतपणे कागदाची घडी करून खिशात ठेवली. "लोक आधीही सांगून ठेवतात," तो म्हणाला. "लाज नाही त्यात." केतकीला मी मराठीत समजावलं तेव्हा ती त्या पेटीवर बसली होती. ती उठली आणि बराच वेळ उभीच राहिली.

त्याचं नाव अरुळप्पन. पाटीवरचा पुसलेला शब्द शवपेट्या करणाऱ्यांचा होता. खाण होती तेव्हा त्याचे वडील खुर्च्या-टेबलं साहेबांच्या बंगल्यांसाठी करत आणि पेट्या सगळ्यांसाठी. खाणीचा भोंगा पाळी बदलताना वाजे. अवेळी वाजला की खाली दगड फुटलाय, माणसं अडकली आहेत हे गावाला कळे. वडील नावं यायची वाट बघत नसत. फळ्या रंधायला घेत.

"मग कामगारांच्या चाळीतल्या बायका इथून जायच्या," अरुळप्पन म्हणाला. "सरळ विचारायच्या नाहीत. नुसत्या दारातून बघायच्या, वडील किती पेट्या करतायत ते. कंपनीच्या आधी त्यांना इथून कळायचं. एक बाई बघून तिथेच बसली. त्या दिवसापासून वडील भोंगा वाजला की दार लावून काम करायला लागले. तर मग बायका आवाज मोजायला लागल्या."

चहा निवला होता. केतकीने कप खाली ठेवला. मग ती मला म्हणाली, "आत्या, त्यांना विचार ना, व्हेकेट कधी करणार." तिचाही आवाज खाली आला होता, हे मान्य करायला हवं.

मी विचारलं, "अण्णा, तुम्ही दुकान सोडताय?"

"कोण म्हणालं?"

केतकी टेप गुंडाळू लागली. तो म्हणाला, "एजंटने सांगितलं, बंगळूरहून माणसं छप्पर बघायला येणार आहेत. गळतं म्हणून." मग त्याच्या लक्षात आलं. "ती माणसं तुम्ही?"

लोकल कनेक्ट म्हणून माझी नेमणूक होती. मी खाली मान घालून हो म्हटलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "छप्पर गळतं खरं," आणि वर बघत राहिला.

संध्याकाळी व्हरांड्यात केतकीने लॅपटॉप उघडला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आपण त्यांना काढायचंच नाही. मागे राहू दे. लाइव्ह क्राफ्ट. लोकांना स्टोरी आवडेल." तिने तेविसावी स्लाइड केली, मधोमध अरुळप्पनसाठी चौकोन, खाली 'स्टोरीटेलर'. मी विचारलं, लोक कॉफी पीत असताना एखाद्या घरची माणसं माप घेऊन आली तर ती कुठून आत येणार. तिने लॅपटॉप मिटला. तिची बाजू अगदीच खोटी नव्हती. ती दमली होती, तिला हाताला काहीतरी खरं लागायला हवं होतं. फक्त ते तिला दुसऱ्याच्या दुकानात दिसलं होतं.

रविवार

सकाळी न्याहारी आली नाही. आठच्या सुमाराला मणी आले, तेच बटण लावलेलं, पण दाढी केलेली नव्हती.

"अक्का, आज तुमची गैरसोय होणार. माझा प्रकाशम पहाटे गेला."

प्रकाशम खाली पाळण्याच्या तोंडाशी असायचा. माणसं पाळण्यात चढली की घंटा द्यायचा, आणि वर मणी इंजिन चालवायचे. एकोणीस वर्षं. "कामावर असताना आम्ही एकमेकांना कधी दिसलो नाही. घंटा सगळ्यांची तीच. पण त्याच्या दोन ठोक्यांमध्ये किंचित जास्त वेळ असायचा. मला कळायचं, तो आहे." छातीत दगडाची धूळ बसली होती, दोन वर्षं खोकत होता. चार वाजता दफन. मणी पेटी सांगायला निघाले होते. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. केतकीने फोन खोलीतच चार्जिंगला ठेवला होता, तो घ्यायला ती परत आत गेली आणि मग तो खिशात टाकला, फोटोसाठी काढला नाही.

अरुळप्पन एकटाच होता. त्याचा जोडीदार सुतार आता बंगळूरला जातो, मॉड्युलर किचन बसवायला, आणि रविवारी जास्तीचं काम मिळतं म्हणून सुटीही घेत नाही. तयार पेट्यांत एवढी लांब पेटी नव्हती. प्रकाशम सहा फूट होता.

"कुठे किचन बसवतोय?" केतकीने विचारलं.

"इलेक्ट्रॉनिक सिटी," अरुळप्पन म्हणाला. केतकीने बाह्या वर केल्या.

पुढचे पाच तास मी कुठल्याही सहलीत घालवले नसतील असे घालवले. पेटी खांद्यापाशी रुंद आणि पायांकडे निमुळती असते, त्यासाठी फळ्या तिरप्या कापाव्या लागतात. अरुळप्पन नजरेने आखायचा, पण आज दोनदा त्याची रेघ चुकली. प्रकाशम त्याच्या शाळेतला होता. मी पेन्सिल मागितली. तेहतीस वर्षं मी यंत्रांचे भाग आखले, ते कुठे गेले मला कधी कळलं नाही. या रेघा कुठे जाणार ते माहीत होतं. त्याने माझी आखणी बघितली, एका जागी सूतभर सरकवली आणि करवत घेतली. केतकीला पॉलिश पेपर दिला. तिने एक बाजू घासून दाखवली. त्याने तळवा फिरवला आणि म्हणाला, "स्वल्प अजून." तिने परत घासली. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो काही न बोलता पुढच्या फळीकडे वळला, आणि केतकीचा चेहरा असा झाला की तिला बढती मिळाली असती तरी झाला नसता.

एकच्या सुमाराला तिचा फोन वाजला. एजंट होता. हात डिंकाने माखलेले, म्हणून तिने स्पीकरवर घेतला.

"मॅडम, कैसा लगा? बात फायनल करें?"

"दुकान खाली नहीं है," केतकी म्हणाली.

"हो जाएगा मॅडम, बूढ़ा निकल जाएगा. वो तो मरा हुआ धंदा है."

"नहीं. चालू है. मैं अभी काम पे हूँ, बाद में बात करती हूँ."

अरुळप्पनला हिंदी येत नाही, किंवा येत असेल. त्याने तिच्याकडे पुढची फळी सरकवली.

आमच्याकडे मरण झालं की घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. तिथे दफनाच्या आधी प्रकाशमच्या अंगणात भलंमोठं पातेलं चढलं होतं आणि आलेल्या प्रत्येकाला, आम्हालाही, काळा चहा आणि बन मिळाला. बँडही होता, तीन म्हातारे आणि एक कर्णा. दफनभूमी त्या गाळाच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. वारा होता, सगळ्यांच्या डोळ्यांत पिवळी धूळ जात होती, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळत नव्हतं. पेटी चौघांनी दोरांवर खाली सोडली, त्यात एक मणी. बाकी तिघांचे दोर मध्येच सैल पडत होते. मणींचा दोर तळाशी टेकेपर्यंत ताठ होता. टेकल्यावरही त्यांनी लगेच सोडला नाही.

आमची गाडी चुकली. त्यानंतरच्या गाडीत उद्याच्या पाळीसाठी आजच बंगळूरला निघालेले लोक होते. केतकी खिडकीशी बसली. तळव्यांना फोड आले होते. ती म्हणाली, "माझी मागच्या वर्षीची सगळी कामं मी आठवतेय. एकही आठवत नाही." मी म्हटलं, "झोप." ती झोपली, तोंड उघडं टाकून, अगदी लहानपणी झोपायची तशी.

आता पुढचं. केतकीने नोकरी सोडलेली नाही. कॅफेही काढलेला नाही. चेन्नईच्या मालकाला तिने एक लांब ईमेल लिहिलं, त्यात भाडेकरूचे हक्क, शहराचा वारसा आणि मानवी मूल्यं असे तीन भाग होते. त्याचं उत्तर आलं नाही. मालकाने न हलणाऱ्या भाडेकरूवर आपल्या परीने तोडगा काढला. दुकानाचा पुढचा भाग, त्या सागवानी काउंटरसकट, मोबाइलची कव्हरं-चार्जर विकणाऱ्या एकाला दिला. अरुळप्पनला मागची जागा ठेवली, गळक्या छपराखालची. केतकीला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली आणि मालकाला आणखी एक ईमेल लिहू का म्हणून विचारलं.

मी गेल्या महिन्यात अरुळप्पनला फोन केला. म्हटलं, अण्णा, फार वाईट झालं.

"नाही अक्का," तो म्हणाला. "पूर्वी पेटी सांगायला आलेली माणसं बाहेर अर्धा अर्धा तास उभी राहायची. आत यायला पाय उचलायचा नाही. आता पुढे येऊन चार्जर दाखवा म्हणतात, दोन-तीन बघतात. मग हळूच विचारतात, अण्णा मागे आहेत का."